औंधचे सूर्यनमस्कार : आरोग्याच्या वैयक्तिक जबाबदारीचा एक ऐतिहासिक विचार

मनुष्याच्या आरोग्याचे उत्तरदायित्व कोणाकडे, व्यक्तीकडे की राज्यसत्तेकडे, हा प्रश्न आधुनिक काळानेच प्रथम उपस्थित केला असा सर्वसाधारण समज आहे. परंतु महाराष्ट्राच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात ह्या प्रश्नाची जी उत्तरे दिली गेली, त्यांच्या मुळाशी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही विचारांचे धागे गुंतलेले दिसतात. ह्या गुंतागुंतीचा छडा लावण्यास औंध संस्थानातील सूर्यनमस्काराच्या प्रसाराचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) ह्यांनी ह्या व्यायामाला शास्त्राचे, नित्यनेमाचे आणि शालेय शिस्तीचे रूप दिले. निरोगी राहणे हे प्रत्येकाचे रोजचे कर्तव्य आहे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. ही शिकवण कोणत्या परिस्थितीत उदयास आली, तिने काय साधले आणि तिच्या मर्यादा कोणत्या, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम पूर्वपरंपरेकडे वळणे इष्ट होईल. चरकसंहितेत रोगाचे एक प्रमुख कारण म्हणून ‘प्रज्ञापराध’ सांगितला आहे. धी, धृती आणि स्मृती ह्यांचा भ्रंश झाला असता मनुष्य जे अहितकारक कर्म करतो, ते सर्व दोषांना प्रकुपित करते, असा त्याचा आशय आहे. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत, आणि हे तिन्ही ज्याच्या त्याच्या वर्तनावर अवलंबून आहेत. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात दिनचर्येला स्वतंत्र अध्याय दिला, तोही ह्याच दृष्टीने. तेव्हा आरोग्य हे बव्हंशी स्वतःच्या हाती असते, हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला नव्हे.

परंतु त्याच चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘जनपदोद्ध्वंसनीय’ नावाचा अध्याय आहे, आणि त्याचे स्मरण ठेवल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. आहार, बल, सात्म्य आणि वय ह्यांनी भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच रोगाने कशी मरतात, असा प्रश्न अग्निवेश तेथे विचारतो. वायू, उदक, देश आणि काल हे चार सर्वांना समान असलेले भाव बिघडल्यामुळे असे घडते, असे आत्रेयांचे उत्तर आहे. त्यांच्या बिघाडाचे मूळ अधर्मात आहे, आणि त्या अधर्माचा आरंभ देश, नगर व निगम ह्यांच्या प्रमुखांपासून होतो, असेही तेथे प्रतिपादन केले आहे. म्हणजे व्यक्तीच्या रोगाला व्यक्तीचा प्रमाद आणि जनपदाच्या रोगाला त्याच्या धुरीणांचा प्रमाद, असे दोन पदर ह्या शास्त्राने आरंभापासूनच मानले होते. औंधच्या प्रयोगाचे मूल्यमापन करताना हे दोन्ही पदर दृष्टीसमोर असावयास हवेत.

ह्या दुसऱ्या पदराचा महाराष्ट्राला आलेला आधुनिक अनुभव फार कटू होता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचा प्रादुर्भाव झाला आणि लवकरच त्याने पुणे गाठले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा संमत झाला. पुण्यात रँड ह्याच्या अध्यक्षतेखालील समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती, रोग्यांची पाठवणी आणि सामानाची जाळपोळ असे उपाय योजिले. त्यातून उद्भवलेल्या संतापाचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर केलेल्या हल्ल्यात झाले. ह्या प्रसंगाचा राजकीय अर्थ सर्वपरिचित आहे. आरोग्याच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचा निराळाच अर्थ आहे. सरकार आरोग्याची काळजी घेते म्हणजे काय करते, तर उंबरठा ओलांडून घरात शिरते आणि माजघरापर्यंत जाते, अशी प्रतिमा लोकमानसात रूढ झाली. परक्या सत्तेकडून लादलेल्या आरोग्यरक्षणाविषयी अविश्वास निर्माण झाल्यावर, आपले शरीर आपणच राखले पाहिजे ह्या उपदेशाला स्वाभिमानाचाही आधार मिळाला.

योगायोगाने ह्याच १८९७ सालापासून भवानरावांच्या व्यायामसाधनेच्या हकिगतीला प्रारंभ होतो. त्या वेळी ते गादीवर आलेले नव्हते. राज्याधिकार त्यांच्याकडे १९०९ मध्ये आला. युरोपात गाजत असलेल्या युजेन सँडो ह्याचे पुस्तक व उपकरणे मागवून त्यांनी सुमारे दहा वर्षे ती पद्धती निष्ठेने चालविली. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन ह्यांच्या प्रेरणेने ते सूर्यनमस्काराकडे वळले. प्लेगचे वर्ष आणि सँडोचे वर्ष एकच असले, तरी त्यांत प्रत्यक्ष कार्यकारणभाव जोडणे धाडसाचे होईल. मात्र दोन्ही गोष्टी एकाच वातावरणातील आहेत, एवढे निश्चित म्हणता येते. राष्ट्राचे दौर्बल्य म्हणजे देहाचे दौर्बल्य, असे मानणाऱ्या पिढीचे हे वातावरण होते.

सूर्यनमस्कार भवानरावांनी निर्माण केले नाहीत, आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. महाराष्ट्रात हा आचार पूर्वीपासून प्रचलित होता आणि परंपरेने त्याचा संबंध समर्थ रामदासांशी जोडला जातो. हठप्रदीपिकेवरील एकोणिसाव्या शतकातील ‘ज्योत्स्ना’ टीकेत ब्रह्मानंदांनी ह्या आचाराचा उल्लेख केला आहे, पण तो शिफारशीच्या स्वरूपाचा नाही. योगाभ्यास करणाऱ्याने कायाक्लेश टाळावेत, ह्या मूळ विधानाचे विवरण करताना त्यांनी अनेक सूर्यनमस्कार घालणे आणि फार ओझे वाहणे ही उदाहरणे दिली आहेत. ह्यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक म्हणजे, पुष्कळ संख्येने नमस्कार घालणारे लोक त्या काळी होते. दुसरी, हठयोग्याच्या दृष्टीने तो योगाचा भाग नसून बळ कमावण्याचा अगर उपासनेचा खडतर प्रकार होता. आज जगभर योगाचे अविभाज्य अंग म्हणून जो ओळखला जातो, त्याचे मूळ स्थान असे वेगळे होते.

मग भवानरावांनी नवे ते काय केले? त्यांनी एका उपासनेचे रूपांतर आरोग्याच्या दैनंदिन कार्यक्रमात केले. शरीराच्या दहा स्थिती निश्चित केल्या, त्यांचा श्वासोच्छ्वासाशी मेळ घातला, आणि सूर्याची बारा नावे व बीजमंत्र ह्यांचा उच्चार कायम ठेवून त्या उच्चाराचेही शारीरिक परिणाम सांगितले. संख्या हळूहळू वाढवीत न्यावी, एकही दिवस खंड पडू देऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. मंत्र राहिला, परंतु त्याच्या समर्थनार्थ पुण्याऐवजी पचन, फुप्फुसे आणि मज्जातंतू ह्यांची भाषा आली. सँडोच्या दहा वर्षांतून मिळालेली मोजमापाची, क्रमवारीची आणि आत्मपरीक्षणाची सवय येथे देशी आचारात उतरली, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या रूपांतराचे महत्त्व तालमीशी तुलना केली असता अधिक स्पष्ट होते. तालमीला हौदा लागतो, तांबडी माती लागते, वस्ताद लागतो, जोड लागतो. आणि पहिलवानाचा खुराक तर आश्रयदात्यावाचून परवडणे कठीण. शिवाय तालीम ही पुरुषांची. सूर्यनमस्काराला साडेतीन हात जागा आणि पहाटेचा थोडा वेळ एवढेच पुरे. तो मुलाला, वृद्धाला आणि स्त्रीलाही घरच्या घरी करता येतो. भवानरावांच्या राणीसाहेब स्वतः नमस्कार घालीत आणि राजघराण्यातील मुलेही घालीत, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हती. खर्च नाही, साधन नाही, सोबती नाही. त्यामुळे न करण्यास सबबही नाही. वैयक्तिक जबाबदारीची कल्पना व्यवहारात आणावयाची तर अशाच साधनाची आवश्यकता असते. ‘ज्याला इच्छा आहे त्याला शक्य आहे’ हे वाक्य जेथे खरे ठरते, तेथेच जबाबदारीची भाषा न्याय्य ठरते.

परंतु येथेच ह्या प्रयोगातील अंतर्विरोध उघड होतो. भवानरावांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. औंध हे सुमारे पाचशे चौरस मैलांचे, बहात्तर गावांचे आणि तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले संस्थान. एवढ्या आटोपशीर राज्यात राजाची इच्छा शाळेच्या पटांगणापर्यंत सहज पोहोचू शकत होती. प्रत्येकाने आपल्या आरोग्याची जबाबदारी स्वतः घ्यावी, ही शिकवण अशा रीतीने राजाज्ञेने दिली गेली. ह्याला केवळ विसंगती म्हणून सोडून देणे मात्र योग्य होणार नाही. सवय ही उपदेशाने लागत नाही, बालपणी आवृत्तीने लागते, हे भवानरावांनी ओळखले होते. प्लेगच्या झडतीतील सक्ती आणि पटांगणावरील सक्ती ह्यांत महत्त्वाचा भेद असा की, दुसऱ्या ठिकाणी सक्ती करणारा स्वतःही तीच गोष्ट रोज करीत होता. तथापि सक्तीतून लागलेली सवय आणि विवेकातून स्वीकारलेले कर्तव्य ह्या दोन वस्तू भिन्न आहेत. चरकाचा प्रज्ञापराध टाळावयाचा तर प्रज्ञा जागी असावी लागते. नुसती शिस्त तिची जागा घेऊ शकत नाही.

औंधचा हा कार्यक्रम फार काळ औंधपुरता राहिला नाही. १९२० नंतरच्या दशकात भवानरावांचे सूर्यनमस्कारावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३८ मध्ये लंडनमध्ये लुईझ मॉर्गन ह्या पत्रकार स्त्रीने संपादिलेली आवृत्ती निघाली. तिच्या नावात आरोग्याच्या दशपदी मार्गाचा निर्देश होता. वेदविद्येचे अभ्यासक पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर ह्यांचा स्वाध्याय मंडळ १९४८ पर्यंत औंध येथेच होता, आणि देहसाधनेच्या विचारप्रसारात त्यांच्या लेखणीचाही वाटा होता. समकालीन महाराष्ट्रात अन्यत्रही असेच प्रयत्न चालू होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्य करीत होते. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ ह्या काळात सिद्ध केले. ह्या सर्वांच्या तुलनेत औंधचे वैशिष्ट्य असे की, तेथे संशोधन किंवा संस्था ह्यांपेक्षा नित्याचरणावर भर होता.

आता मर्यादांचा विचार. आटपाडीकडील प्रदेश हा अवर्षणग्रस्त माणदेशाचा भाग. जेथे पावसावर पीक आणि पिकावर पोट अवलंबून, तेथे व्यायामाचा उपदेश कितपत सार्थ, हा प्रश्न टाळता येत नाही. वाग्भटाने ह्या बाबतीत आधुनिक प्रचारकांपेक्षा अधिक सावधपणा दाखविला आहे. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसांनीच, तेही शीतकाळी व वसंतात, आपल्या शक्तीच्या निम्म्याने व्यायाम करावा, असे तो सांगतो. इतर वेळी त्याहून कमी. म्हणजे व्यायामाच्या आज्ञेपूर्वी तो आहाराची चौकशी करतो. दिवसभर शेतात राबणाऱ्या, भाकरीलाही महाग असलेल्या माणसाच्या अनारोग्याचे कारण त्याचा आळस असू शकत नाही. अशा माणसाला त्याच्या रोगाबद्दल जबाबदार धरणे म्हणजे जनपदाच्या धुरीणांचा प्रमाद त्याच्या माथी मारणे होय. प्लेग, हिवताप व पटकी हे रोग नमस्काराने आटोक्यात येणारे नव्हते. त्यांस शुद्ध पाणी, गटारे, लस आणि औषध ह्यांचीच गरज होती. वैयक्तिक जबाबदारीचा पुरस्कार करणाऱ्या साहित्यात ही बाजू पुष्कळदा निसटते, आणि पिळदार शरीराचा आदर्श गरिबीच्या प्रश्नावर पडदा टाकतो.

तथापि औंधचा इतिहास येथेच थांबत नाही, आणि ह्यातच त्याचे खरे मोल आहे. १९३९ च्या जानेवारीत भवानरावांनी महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने तयार झालेली राज्यघटना अमलात आणून आपली सत्ता लोकांच्या हाती सोपविली. ह्या कार्यात त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन ह्यांचा पुढाकार होता. ग्रामपंचायत हा त्या घटनेचा पाया होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत ह्याच काळात उभी राहिली. ‘तुझ्या देहाची जबाबदारी तुझी’ असे प्रजेला सांगणाऱ्या राजाने अखेर ‘तुझ्या गावाची जबाबदारीही तुझी’ असे सांगितले, आणि त्यासाठी लागणारा अधिकारही दिला. अधिकारावाचून दिलेली जबाबदारी हा केवळ दोषारोप असतो. अधिकारासह दिलेली जबाबदारी स्वराज्य ठरते. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले आणि हा प्रयोग अवघ्या नऊ वर्षांत संपुष्टात आला. त्यामुळे देहाच्या शिस्तीतून गावाची शिस्त निर्माण होऊ शकते काय, ह्या प्रश्नाची कसोटी पुरतेपणी लागू शकली नाही.

अलीकडील संशोधनाने ह्या विषयाकडे पुन्हा लक्ष वेधले आहे. जोसेफ आल्टर ह्यांनी ‘गांधीज बॉडी’ (२०००) ह्या ग्रंथात औंधच्या सूर्यनमस्काराची राष्ट्रवादी देहविचाराच्या संदर्भात चर्चा केली, तर मार्क सिंगलटन ह्यांनी ‘योगा बॉडी’ (२०१०) मध्ये आधुनिक योगाच्या घडणीत युरोपीय व्यायामपद्धतींचा वाटा दाखविला. ह्या विवेचनांचा भर मुख्यतः आसनांच्या उगमावर आणि राष्ट्रवादावर आहे. मराठी अभ्यासकांपुढे आणखी एक काम उरते. औंधच्या शाळांतून नमस्कार घातलेल्या सामान्य विद्यार्थ्यांच्या आयुष्यात ती सवय किती टिकली, गावपंचायतींनी पाणी व स्वच्छता ह्यांच्या बाबतीत काय केले, ह्याची छाननी संस्थानी दप्तरे, शालेय अहवाल आणि घरगुती रोजनिशा ह्यांच्या आधारे व्हावयास हवी. राजाचे पुस्तक उपलब्ध आहे. प्रजेचा अनुभव अद्याप गोळा करावयाचा आहे.

निष्कर्षरूपाने एवढे म्हणता येईल. आरोग्याची वैयक्तिक जबाबदारी ही कल्पना महाराष्ट्रात परकी नव्हती, आणि ती केवळ श्रीमंतांचे तत्त्वज्ञानही नव्हती. परक्या सत्तेच्या जुलमी आरोग्ययोजनेपुढे तिने सामान्य माणसाला स्वतःच्या देहावरील स्वामित्वाची जाणीव करून दिली, आणि बिनखर्चाचे साधन त्याच्या हाती दिले. परंतु हवा, पाणी, अन्न आणि मजुरी हे व्यक्तीच्या हाती नसलेले समान भाव आहेत. त्यांचा हिशेब धुरीणांकडेच मागावा लागतो. प्रज्ञापराध आणि जनपदोद्ध्वंस ही दोन प्रकरणे चरकाने एकाच संहितेत ठेवली. त्यांतील एकच वाचून दुसरे मिटून ठेवण्याचा अधिकार इतिहासाच्या अभ्यासकाला नाही.