हात कुठे ठेवायचा?

परवा शनिवारी ताईकडे गेलो होतो. भाचा आता सहा वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. मी मोठ्या उत्साहाने त्याला काखेत धरून उचललं, तर त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढून ताठ झाले. ताई ओरडली, "अरे, पाय ओढू नकोस! आधी कमरेत वाकव." माझे हात धरून तिने त्याच्या कमरेवर ठेवले. पाय हळूहळू सैल पडले. बग दिसतोय एका फाईलमध्ये आणि दुरुस्ती भलत्याच फाईलमध्ये, तसलाच प्रकार!

ही युक्ती आली कुठून म्हणून रात्री वाचत बसलो.

बर्टा बुसे १९०७ साली बर्लिनमध्ये जन्मली. पेशाने व्यायामशिक्षिका. नाझींच्या राज्यातून पळून ती लंडनला आली. कारेल बोबाथ हा डॉक्टरही तसाच आलेला. १९४१ मध्ये दोघांनी लग्न केलं. तेव्हा ताठरलेल्या स्नायूंवर उपाय काय, तर ताणा, चोळा, नाहीतर कॅलिपर बांधा. पक्षाघात झालेल्या एका नामांकित चित्रकारावर उपचार करताना बर्टाच्या लक्षात आलं की ताठ हात ओढत बसण्यापेक्षा खांदा आणि धड यांची ठेवण बदलली तर हात आपोआप सैल पडतो. मग तिने हेच मुलांवर करून पाहिलं. असं का होतं याची मेंदूशास्त्रीय मांडणी कारेलने केली. फिजिओथेरपिस्ट म्हणून तिला रीतसर मान्यता मिळाली १९५० मध्ये, म्हणजे पद्धत आधी आणि डिग्री नंतर! १९५१ मध्ये दोघांनी लंडनमध्ये केंद्र काढलं. तिथला अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा, कारण किती दाबायचं आणि कधी सोडायचं हे कागदावरून कळत नाही, हातालाच शिकावं लागतं. तरी त्यांच्याच परंपरेतल्या नॅन्सी फिनी यांनी १९६८ मध्ये आईबापांसाठी सचित्र पुस्तक लिहिलं. अंघोळ कशी घालायची, कपडे कसे चढवायचे, उचलायचं कसं, सगळं त्यात आहे. कडक पायांच्या मुलाला पाय फाकवून कमरेवर घ्यावं, असंही. आमची आई त्याला पहिल्यापासून कडेवरच घेते, कुठलाही कोर्स न करता.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण पुढे वाचलं आणि झोप उडाली.

२०१३ मध्ये आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीवरच्या ६४ उपायांचा पुरावा तपासला आणि त्यांना सिग्नलचे रंग दिले. बोबाथांच्या पद्धतीला लाल! थेरपिस्टच्या हातांनी मूल 'नीट' हलतं, पण हात काढले की ते आपलं आपण हलायला शिकतंच असं नाही. हिरवा मिळाला तो मुलाने स्वतः धडपड करायच्या सरावाला, तोही त्याला खरंच हवं असलेल्या कामाचा. गंमत म्हणजे थेरपीत साधलेलं रोजच्या जगण्यात आपोआप उतरत नाही हे बोबाथांनीही उतारवयात मान्य केलं होतं आणि पद्धत बदलतही आणली होती. कारेलची जुनी मांडणी तर कधीच मागे पडली होती.

रविवारी सकाळी चहा घेताना ताईला हे सांगावं की नाही कळेना. शेवटी सांगितलं. ती बराच वेळ कप धरून बसली. मग म्हणाली, "म्हणजे पाच वर्षं मी दाबत बसले ते फुकट?" मी म्हटलं, "कपडे घालताना, उचलताना ते लागतंच की." ते खरंच आहे, पण तिचा प्रश्न तो नव्हता.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत भाचा टीव्हीच्या रिमोटसाठी स्टूल धरून उठायला लागला. पाठ वाकडी, पाय पुन्हा कात्री. माझे हात आपोआप पुढे गेले. ताईने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "थांब जरा. बघू."