पेडगांवचा बहादूरगड

इंदापूर तालुक्यांतील कळंब हें गांव नीरेच्या अंगाला आहे. तेथून बारामतीवरून उत्तरेची वाट धरल्यास सपाट माळ ओलांडून वाटसरू भीमेच्या कांठीं येतो, आणि पलीकडच्या तीरावर, श्रीगोंदें तालुक्यांत, एका विस्तीर्ण भुईकोटाच्या पडक्या भिंती दृष्टीस पडतात. हाच पेडगांवचा बहादूरगड. नीरा आणि भीमा यांमधील सुपें व इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरींतले. तेव्हां या बाजूच्या लोकांना हा किल्ला म्हणजे नदीपलीकडचा परका शेजारी होय. आज तेथें वस्ती नाहीं. लोकांच्या आठवणींत त्याचें नांव आहे, परंतु तें एकाच प्रसंगापुरतें. आणि तो प्रसंगही पुष्कळदां तुळापूरच्या हकीकतींत मिसळून सांगण्यांत येतो. दोन्ही ठिकाणीं काय काय घडलें तें कागदांवरून वेगळें करून दाखवावें, एवढ्याचसाठीं हा लेख.

बहादूरखान कोकलताश हा औरंगजेबाचा दूधभाऊ. १६७२-७३ च्या सुमारास दक्षिणेची मोगली फौज त्याच्या हाताखालीं आली व त्यानें पेडगांवास छावणी केली. पुढें त्यास खानजहान हा किताब मिळाला. छावणीस तटबंदी करून तिला त्यानें आपलेंच नांव दिलें, तें बहादूरगड. जागेची निवड विचारानें केलेली दिसते. अहमदनगर हें मोगलांचें मोठें ठाणें. तेथून दक्षिणेकडे उतरणाऱ्या फौजेस भीमा आडवी येते, आणि पावसाळ्यांत ही नदी म्हणजे दुसरा तटच. १६६० त शाइस्तेखान अहमदनगराहून निघाला तो सुपें व बारामती या मार्गानेंच पुण्याकडे वळला होता. या वाटेवर, नदीच्या उत्तर कांठीं, बारमाही पाण्याशेजारीं ठाणें घालून बसलें म्हणजे पुणें, सुपें, इंदापूर या सर्वांवर नजर राहते आणि पाठीशीं अहमदनगर असतें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. आपल्याकडील डोंगरी किल्ले जागेच्या अंगच्या बळावर उभे असतात. राज्य बदललें तरी डोंगर राहतो आणि नवा धनी तेथें शिबंदी ठेवतो. बहादूरगडाचें तसें नव्हतें. तो मुळीं किल्लाच नव्हे, दगडांत बांधलेली छावणी होय. हजारो घोडीं, हत्ती, उंट, बुणगे आणि बाजार यांना चार महिने निवारा व पाणी मिळावें, हा त्याचा हेतु. म्हणूनच तेथील अवशेषांत युद्धोपयोगी बांधकामापेक्षां पाण्याची व्यवस्था अधिक पाहण्यासारखी आहे. नदीच्या बाजूस उंच मोटस्थळें आहेत. त्यांवर हत्तींकडून मोट ओढवून भीमेचें पाणी वर चढवीत आणि खापरी नळांनीं आंत खेळवीत. असली व्यवस्था एखाद्या पथकासाठीं कोणी करीत नाहीं. ती पाहिली म्हणजे छावणीच्या पसाऱ्याची कल्पना येते.

या पसाऱ्याची फजिती लौकरच झाली. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला आणि जुलैच्या मध्यास मराठ्यांच्या दोन हजार स्वारांनीं बहादूरखानास हुलकावणी देऊन छावणीपासून सुमारें पन्नास मैल दूर नेलें. तेवढ्यांत दुसऱ्या वाटेनें सात हजार स्वार मोकळ्या पेडगांवावर तुटून पडले. तंबू जाळले, बादशहास नजर करण्यासाठीं जमविलेले दोनशें उत्तम घोडे नेले आणि एक कोट रुपयांची लूट केली, असा मजकूर इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रव्यवहाराच्या आधारें सर जदुनाथ सरकार यांनीं आपल्या शिवचरित्रांत दिला आहे. घोड्यांचा आंकडा पटण्यासारखा आहे. कोटीचा आंकडा मात्र बाजारगप्पेचा वाटतो. वखारींत बसून लिहिणाऱ्या व्यापाऱ्याच्या कानांवर आलेली रक्कम वाटेंत वाढत येते. हल्ला झाला, तो कावा साधूनच झाला आणि सुभेदाराची छावणी लुटली गेली, एवढें निश्चित धरून कोटीची रक्कम लिहितांना ‘म्हणतात’ हा शब्द जोडावा हें बरें.

आतां १६८९ चा प्रसंग. १ फेब्रुवारीस संगमेश्वरीं शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखान यानें संभाजीराजांस व कवि कलशास धरलें. बादशहाचा मुक्काम अकलूजेहून हालून बहादूरगडास आला होता. तेथें १५ फेब्रुवारीस कैदी आणण्यांत आले. विदूषकाचे पोषाख आणि घुंगरांच्या टोप्या घालून त्यांना उंटांवरून छावणींत फिरविलें, दरबारांत उभें केलें, आणि बादशहानें तख्तावरून उतरून गालिच्यावर गुडघे टेकून ईश्वराचे आभार मानले, असें फारसी इतिहासकार लिहितात. नंतर खजिना कोठें आहे व मोगली सरदारांपैकीं कोण आंतून फितूर आहेत, हें विचारण्यास रुहुल्लाखान गेला. राजांनीं उत्तर दिलें तें बादशहाच्या निर्भर्त्सनेचें. त्याच रात्रीं त्यांचे डोळे काढले गेले, दुसरे दिवशीं कवि कलशाची जीभ छाटली गेली. हें सर्व पेडगांवास घडलें. ३ मार्चला बादशाही मुक्काम कोरेगांवास पोहोंचला आणि तेथें, भीमा-इंद्रायणीच्या संगमाजवळ तुळापुरीं, ११ मार्चला राजांचा वध झाला. ती तिथि शके १६१० ची फाल्गुन वद्य अमावास्या. (येथील इंग्रजी तारखा जुन्या पंचांगाच्या आहेत, नव्या गणनेनें प्रत्येकींत दहा दिवस मिळवावे.)

अर्थात् तुळापूर हें वधस्थान, आणि विटंबनेचें व नकाराचें स्थान बहादूरगड. लोकस्मृतींत दोन्ही एकत्र झालीं, यांत नवल नाहीं. समाधि जेथें असेल तेथेंच सर्व कथा जमते. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें हा भेद महत्त्वाचा आहे. राजांस जें विचारलें गेलें आणि त्यांनीं जें नाकारलें तें पेडगांवच्या तटाआंत. तेथून पुढचा प्रवास दृष्टि गेलेल्या कैद्याचा होता.

या प्रसंगाचा सविस्तर वृत्तान्त सारा विरुद्ध पक्षाच्या लेखणींतून आलेला आहे: साकी मुस्तैदखान, खाफीखान, ईश्वरदास नागर, भीमसेन. लोकमान्य टिळकांनीं १९१६ त प्रसिद्ध केलेली जेधे शकावली ही आपल्या बाजूची, पण शकावलीच ती. नोंद करते आणि पुढें जाते.

याच्या उलट एक उदाहरण स्कॉटलंडांतलें आहे. तेथें उत्तर समुद्राच्या कड्यावर डनॉटर नांवाचा ओसाड किल्ला आहे. १६८५ च्या मे महिन्यांत, म्हणजे आपल्या प्रसंगाच्या चार वर्षें आधीं, राजाची धर्मसत्ता न मानणाऱ्या १६७ स्त्रीपुरुषांस तेथील एका तळघरांत कोंडलें होतें. त्यांच्या हालांची माहिती केवळ कैद करणाऱ्यांच्या दप्तरावर अवलंबून राहिली नाहीं. बंदिवानांच्या बायकांनीं सरकारास केलेला अर्जच शिल्लक आहे. पुढें त्या किल्ल्याचा धनी १७१५ च्या बंडांत सामील झाला, त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि ती विकत घेणाऱ्या कंपनीनें विकण्याजोगें सर्व सामान काढून नेलें. १९२५ नंतर डागडुजी झाली व आज लोक तें तळघर पाहण्यास जातात. वास्तु तेथेंही पडली, परंतु भोगणाऱ्यांचा शब्द कागदावर राहिला. पेडगांवच्या कैद्यांपाशीं कागद-दऊत कोण ठेवणार?

१६८९ नंतरही बादशहाचा संबंध सुटला नाहीं. विशाळगडाच्या मोहिमेंत पावसानें हैराण झालेली फौज १७०२ च्या अखेरीस येथेंच विसाव्यास आली व येथूनच कोंढाण्यावर गेली. १७०७ त औरंगजेब अहमदनगरीं वारला. मोगली सरहद्द ढासळली आणि तिच्याबरोबर या ठाण्याचें प्रयोजनही संपलें. अठराव्या शतकांत तें मराठ्यांकडे आलें. परंतु नदीचे दोन्ही तीर एकाच्याच सत्तेखालीं आल्यावर कांठावरची छावणी कोणावर नजर ठेवणार? हत्ती गेले, मोटा थांबल्या, आणि पाण्यावांचून तटाच्या आंत वस्ती राहणें शक्य नव्हतें. बहादूरगड कोणी पाडला नाहीं. तो रिकामा झाला, एवढेंच.

चमत्कार असा कीं, छावणीच्या आधींचें तें अधिक टिकलें आहे. तटाच्या आंत लक्ष्मीनारायण, मल्लिकार्जुन, रामेश्वर इत्यादि यादवकालीन धाटणीचीं देवळें आहेत. त्यांपैकीं लक्ष्मीनारायणाच्या देवळाचें कोरीव काम सर्वांत सरस. भैरवनाथाच्या देवळापाशीं वीरगळ आहेत. नदीकडच्या वाड्याच्या भिंती व झरोके तेवढे कसेबसे उभे आहेत. बाकी बाभळीचें रान; अलीकडे तरुण मंडळी श्रमदानानें तें काढीत असतात, ही समाधानाची गोष्ट.

संभाजीराजांच्या स्मरणार्थ किल्ल्यास आतां धर्मवीरगड म्हणतात. भाव योग्यच आहे. मात्र दप्तर चाळणाऱ्यानें जुनीं नांवें सोडूं नयेत. मराठी कागदांत ‘पेडगांव’ किंवा ‘पांडे पेडगांव’ येतें. फारसी अखबारांत ‘बहादूरगड’. शिवाय याच नांवाचें एक ठाणें दिल्लीजवळ व एक पतियाळ्याजवळ आहे, म्हणून मुक्कामाच्या मागचे-पुढचे टप्पे पडताळल्यावांचून नोंद घेऊं नये. जयपूर दरबारचे अखबार बिकानेरच्या दप्तरखान्यांत आहेत. कांहीं भाग कर्नल टॉड यानें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीस दिलेला आहे. इकडे भीमाकांठच्या पाटील-कुळकर्ण्यांच्या घरीं देवळांच्या इनामाचे, मोटस्थळांच्या जमिनीचे किंवा नदीच्या उताराच्या हक्काचे कागद असल्यास संग्राहकांनीं त्यांच्या नकला अवश्य करून घ्याव्या. छावणीच्या रोजच्या जीवनाचा पत्ता लागला तर तो अशाच कागदांतून लागेल.