खर्ज, पियानो आणि आमचे माग

रात्री कानाला हेडफोन लावून मी संगणकावर नक्की काय करत बसतो, हे मावशी दर गणपतीत विचारते. "ड्रोन संगीत" म्हटलं की तिला लग्नाच्या शूटिंगमधलं उडणारं यंत्र आठवतं! तर मावशी, हे खास तुझ्यासाठी.

ड्रोन म्हणजे सतत चालू राहणारा आधारस्वर. आपला तानपुराच की. त्यावर मी पियानोचे दोन-चार सूर सोडतो, त्यांचा सुरुवातीचा ठोका पुसतो आणि मागे रेंगाळणारी आस तेवढी लांबवत नेतो. ताल नाही, शब्द नाहीत. या जातीच्या संगीताला ॲम्बियंट हे नाव रूढ केलं ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने. १९७८ साली त्याची 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' ही ध्वनिमुद्रिका आली. त्यातल्या पहिल्या तुकड्यात रॉबर्ट वायटचा पियानो आहे. ईनोची युक्ती साधी होती. कमी-जास्त लांबीच्या टेपची वेटोळी करायची आणि सगळी एकदम फिरत ठेवायची. प्रत्येकीची फेरी वेगळ्या वेळी संपते, म्हणून सूर तेच, पण त्यांची गाठ दर वेळी नवी.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. आमच्या नारपोलीत हेच तर चालायचं!

भिवंडीत हातमाग जुने. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबं इथे आली. १९३० च्या दशकात यंत्रमाग आले, आणि १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यावर इथल्या मागांना आणखी काम मिळालं. साधा माग मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोटा फेकतो. एकट्या मागाची ती नुसती खटखट. पण एका शेडमध्ये चाळीस माग, शेजारी दुसरी शेड, आणि कुठल्याही दोन मागांचा वेग अगदी सारखा नाही... घरात येईपर्यंत त्याची एक अखंड घरघर झालेली असायची. आम्हाला ती ऐकूच येत नसे. लाईट गेली की कळायचं. सगळं एकदम थांबायचं आणि पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागायची.

अण्णा अशाच एका शेडमध्ये तीस वर्षं मुकादम होते. चाळीस मागांतला नेमका कुठला बिघडलाय हे ते दारातूनच, न बघता सांगत. त्याची किंमत कानांनी मोजली. असल्या गोंगाटात आधी जातात ते वरचे आवाज, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. त्यामुळे अण्णांना माणसाचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. मोटारीची घरघर येते, चिमण्या नाहीत. नातवंडं बोलायला लागली की ते नुसते हसून मान डोलावतात. आम्ही सगळे ते बघतो आणि विषय बदलतो.

असो. पुन्हा इतिहासाकडे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबरही मिरजेच्या दर्ग्यात आहे. याच घराण्याच्या अब्दुल वाहिद खाँचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले. तिथे ला मॉन्ट यंग आणि टेरी रायली हे दोन संगीतकार त्यांचे गंडाबंध शागीर्द झाले. यंगने तर १९६४ पासूनच एक पियानो स्वतःच्या हिशेबाने, नैसर्गिक स्वरांत लावायला घेतला होता.

ही खटपट कशासाठी? तर पियानोचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. पेटीचंही तेच. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं, त्यामागे हा एक आक्षेप होता. दुसरा, पेटीत मींड येत नाही. तानपुऱ्याचा खर्ज छेडला की त्यातून आपोआप जो गंधार उमटतो, तो स्वयंभू गंधार. पियानोचा गंधार त्याच्यापेक्षा १४ सेंट चढा. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा!

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. तरी गेल्या दिवाळीत एक तुकडा पुरा झाला असं समजून मी तो घरातल्या मोठ्या स्पीकरवर लावला. षड्ज पांढरी एक. पियानोचा दीडशे हर्ट्झखालचा भाग कापला होता, म्हणजे खर्जाशी गर्दी होऊन सगळं गढूळ होऊ नये. मी खुशीत होतो. अण्णा उठून स्पीकरजवळ आले आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले.

"अरे, एक माग थडथडतोय."

मला वाटलं, काहीतरी बोलतायत. मग मी हिशेब केला. खर्जातला गंधार ३२७ हर्ट्झ, पियानोचा जवळजवळ ३३०. दोघं एकमेकांना घासतात आणि सेकंदाला अडीच वेळा आवाज हेलकावतो. मी महिनाभर ऐकत होतो आणि ते मला ऐकू आलं नव्हतं. अण्णांचे वरचे सूर गेलेत, पण हे सूर त्यांच्याकडे शाबूत आहेत.

पियानोचा गंधार १४ सेंट उतरवला आणि पुन्हा लावलं.

"आता लागला," म्हणाले.

त्या दिवसापासून प्रत्येक तुकडा आधी अण्णांना ऐकवतो. वरची किणकिण त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून महत्त्वाचं जे काही असेल ते खालीच ठेवतो. आम्ही बाप-लेक अर्धा-अर्धा तास असे बसतो. मान डोलावून वेळ मारून नेण्याची गरज पडत नाही.

परवा माझा मिरजेचा तानपुरा त्यांनी मांडीवर घेतला. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो, तो नेमक्या जागी सरकवला की जवारी खुलते, असं मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ दोरा निरखला. मग विचारलं, "किती नंबरचं सूत आहे?"

मला सांगता आलं नाही.