लाटेवरची गिटार

विहिरीच्या काठावर वाकून हाक मारली, तर ती आतल्या दगडांवर आपटून जराशी ओली होऊन परत येते. कॅलिफोर्नियातल्या सर्फ संगीताची गिटार ऐकताना हीच आठवण होते. फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांचे हे संगीत.

पण गंमत अशी, की त्याची सुरुवात ह्या ओल्या आवाजाने झालीच नाही! डिक डेलची 'लेट्स गो ट्रिपिन' ही तबकडी १९६१ची. तीत तो घुमारा नाही. आहे तो नुसता जोर. डेल लेबनॉनी बापाचा मुलगा, आणि डावखुरा. उजव्या हातासाठी तारा लावलेली गिटार तो तशीच उलटी धरी. तारा जाडजूड, आणि त्यांवर नखीचा खाली-वर अखंड मारा. १९६२मध्ये 'मिसिरलू' ही पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी चाल त्याने अशीच तारेवर धावत नेली.

बाल्बोआच्या नाचघरात त्याला ऐकायला हजारो पोरे जमत. एवढी माणसे म्हणजे आवाज पिऊन टाकणारी भिंतच की! ध्वनिवर्धक पुरे पडेनात, कर्णे जळू लागले. तेव्हा धावून आला लिओ फेंडर. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. गिटार त्याला वाजवता येत नसे. डेलने यंत्र मोडावे आणि फेंडरने अधिक दणकट करून आणावे, असे चालले. त्यातून पंधरा इंची कर्ण्याचा 'शोमन' तयार झाला.

मग ओल आली कुठून? १९६१मध्ये फेंडरने एक वेगळी पेटी विकायला काढली. आत ताणलेल्या स्प्रिंगा. गिटारचा स्वर एका टोकाला थरथर होऊन शिरतो, स्प्रिंगेत येरझारा घालतो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा वीज होऊन मूळ स्वरात मिसळतो. ही युक्ती हॅमंड कंपनीच्या ऑर्गनमध्ये आधीपासून होती. डेल सांगत असे, की त्याला ती हवी होती स्वतःच्या गळ्यासाठी! शँटेजच्या १९६३च्या 'पाइपलाइन'मध्ये मात्र गिटार पुरती भिजलेली ऐकू येते.

तुमच्या शाळेतल्या एखाद्या मुलाला हा आवाज काढायचा असेल, तर आधी गिटार, मग पेटी, मग ध्वनिवर्धक, असा क्रम ठेवायला सांगा. घुमाऱ्याची कळ शून्यावर ठेवून आठवडाभर नुसती नखी चालवू द्या. आणि पेटीला लाथ लागू देऊ नका. स्प्रिंगा एकमेकींवर आदळून असा गडगडाट होतो, की शेजारच्या वर्गातली पोरे बाहेर पळतील.