गस्त आणि ग्वाही

राजाबाई टॉवरवरून 1891 साली दोन पारशी तरुणी पडून मरण पावल्या, ते गूढ मुंबईत आजही सांगितले जाते. त्याआधी तीनच वर्षे लंडनच्या व्हाइटचॅपल भागात झालेल्या खुनांची गोष्ट साऱ्या जगात पोचली. मला त्यात खुन्यापेक्षा शिपायांच्या गस्तीचे कुतूहल अधिक. 'गस्त' फारसी, 'ग्वाही'ही फारसी. हिंगोलीच्या उर्दू वर्गात दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहिले की हे प्रकरण हमखास आठवते.

30 सप्टेंबर 1888 ची मध्यरात्र. नशेत सापडलेल्या कॅथरीन एडोज या बाईला पोलीस ठाण्यातून एकच्या सुमारास सोडले. शिपाई वॉटकिन्सची फेरी बारा-चौदा मिनिटांची. तो दीडला मायटर स्क्वेअरमधून गेला तेव्हा चौक रिकामा होता, 1.44 ला परतला तर कोपऱ्यात तिचे प्रेत. मधल्या वेळेत, 1.40 च्या आसपास, शिपाई हार्वे बोळातून चौकाच्या तोंडापर्यंत आला होता. त्याने काही पाहिले नाही, ऐकले नाही. चौकातल्या वखारीवर पहाऱ्याला असलेला मॉरिस स्वतः निवृत्त पोलीस. त्यालाही आवाज आला नाही.

1.35 ला लावेंड नावाच्या ज्यू व्यापाऱ्याने त्याच बोळाच्या तोंडाशी एक पुरुष आणि एक बाई पाहिली. बाई पाठमोरी होती. पुढे त्याने तिचे कपडे ओळखले, पण तो माणूस पुन्हा ओळखता येईल की नाही याची शंका असल्याचेही प्रांजळपणे सांगितले.

म्हणजे खुन्याला मिळाली जेमतेम नऊ मिनिटे. डॉक्टरांच्या मते या कृत्याला निदान पाच मिनिटे हवीत. हार्वेने वेळ सांगितली पोस्टाच्या घड्याळावरून, लावेंडने क्लबच्या. दोहोंत चार मिनिटांचा फरक असला तरी सगळा हिशेब कोसळतो. आम्हा मास्तरांच्या हजेरीपटावर रोज साडेदहाच लिहिलेले असतात, तेव्हा भिंतीवर किती वाजले होते ते ज्याचे त्यालाच ठाऊक!

पुढे शिपाई लाँगला एका जिन्याशी एडोजच्या ॲप्रनचा रक्ताळलेला तुकडा सापडला, 2.55 ला. 2.20 ला तो तिथे नव्हता, असे त्याने ठासून सांगितले. खरे असेल तर खुनी अर्धा तास पोलिसांच्या गराड्यातच हिंडत होता. खोटे असेल तर लाँगने नीट पाहिलेच नाही. पुढच्याच वर्षी कामावर नशेत आढळल्यामुळे त्याची नोकरी गेली. तुकड्याच्या वर भिंतीवर ज्यूंविषयी खडूने काही लिहिले होते. दंगल पेटेल या भीतीने पोलीस आयुक्त वॉरन यांनी ते उजाडण्याआधी पुसायला लावले. फोटोही निघाला नाही.

भीती निराधार नव्हती. याच महिन्यात जॉन पायझर हा ज्यू चांभार निव्वळ संशयावरून पकडला गेला होता. जमावाच्या धास्तीने तो आधी घरातच दडून बसला होता. पहिल्या एका खुनाच्या रात्री मात्र तो दूर हॉलोवे रोडवर गोदीला लागलेल्या आगीचा उजेड पाहत उभा होता आणि त्याबद्दल गस्तीच्या शिपायाशी बोलला होता. पोलिसांनी चौकशी केली, बोलणे खरे निघाले आणि पायझर सुटला.