विंचवाचे दोन उतारे

सातबाराचा असतो तो उतारा, दृष्ट काढून तिठ्यावर ठेवतात तोही उतारा. विषाच्या बाबतीत मात्र हा शब्द शब्दशः लागू पडतो. आपल्याकडे विंचू चावला की तो 'चढतो', आणि मग कुणाला तरी बोलावून तो 'उतरवायचा' असतो. बहुतेक दंशांत नुसता ठणका असतो. तो काही तासांत आपोआप ओसरतो आणि श्रेय मांत्रिकाला मिळते.

कोकणातला लाल विंचू मांत्रिकाला असे श्रेय मिळू देत नसे. त्याच्या विषाची बाधा अंगभर पसरलेल्या शंभर रोग्यांतले तीसेक दगावत. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. घामाने निथळणारे, हातपाय गार पडलेले, तोंडाला गुलाबी फेस आलेले रोगी त्यांनी उशाशी बसून पाहिले आणि सगळे टिपून ठेवले.

मग चढते ते काय? या विषामुळे मज्जातंतूंमधली सोडियमची दारे लवकर मिटत नाहीत. तंतू पेटून उठतात, रक्तात अॅड्रेनलिन आणि त्याच्या भाऊबंदांचा लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते.

पहिला उतारा म्हणजे प्राझोसिन, रक्तदाबाची साधी गोळी. १९८०च्या दशकात बावस्करांनी ती विंचूदंशावर वापरली. रक्तवाहिनीच्या भिंतीवर ज्या जागी हा लोंढा येऊन चिकटतो, ती जागाच ही गोळी अडवते. वाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार हलका होतो. गोळी दिल्यावर रोग्याला उठू देत नाहीत, कारण दाब एकदम घसरण्याची भीती असते. या गोळीने मृत्यू झपाट्याने घटले. विषाला मात्र ती हातही लावत नाही.

ते काम दुसऱ्या उताऱ्याचे, प्रतिविषाचे. याचे कूळ जुने आहे. १९०९ साली कैरोत चार्ल्स टॉड यांनी विंचवावरचे असे प्रतिविष तयार केले होते. घोड्याला थोडे थोडे विष टोचायचे आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी काढायची, ही त्याची रीत. लाल विंचवावरचे प्रतिविष मुंबईच्या हाफकिन संस्थेने बनवले. ते रक्तात फिरणारे विष पकडून निकामी करते, पण आधीच सुटलेल्या लोंढ्यापुढे त्याचे काही चालत नाही.

दोघांना एकत्र आणले तेव्हा काय झाले, ते महाडच्याच चाचणीत दिसले. ती २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ रोग्यांपैकी ८ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. जोडीला प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२.

विंचू चावल्यावर घाम फुटला, हातपाय गार पडले, तर उतरवणाऱ्याला शोधत बसू नका. आधी दवाखाना गाठा.