बालाघाटातले सुट्टीचे घर : हंगाम, पाणी आणि भिंत

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखात कुटुंबाला आठवड्याच्या बोलीने अख्खे घर भाड्याने देण्याची पद्धत चांगली रुळली आहे. तिथे पाऊस मुबलक आणि शाळेची सुट्टी ऐन बहराच्या उन्हाळ्यात. बालाघाटाच्या डोंगररांगेत, लातूर-नांदेडकडे, असे घर उभारायचे तर या दोन्ही गोष्टी उलट्या पडतात. म्हणून त्याचा विचार हंगाम, पाणी आणि बांधणी या क्रमाने करावा लागतो.

हंगाम. शाळांना सुट्टी एप्रिल-मेमध्ये लागते. तेव्हा शिवार उघडेबोडके आणि विहिरी तळाला गेलेल्या असतात. शेताकडे माणसांची खरी ओढ असते ती हिवाळ्यात. मार्गशीर्षातल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूरकर सहकुटुंब रानात जातात. कडब्याची कोप करून पूजा मांडतात. भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांची पंगत बसते, आल्यागेल्यालाही आग्रहाने जेवू घालतात. पाठोपाठ हुरड्याचे दिवस येतात. मात्र सोयाबीन-हरभऱ्याने ज्वारीला मागे सारल्यामुळे हुरड्यासाठी चार तासे मुद्दाम पेरून ठेवावी लागतात. नांदेडच्या किनवट-माहूर भागात हंगाम आधी सुरू होतो : सागाचे जंगल पावसात हिरवे होते, पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा भरून वाहतो. माहूरला रेणुकेच्या दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ कायम असली, तरी येणारा बहुधा एका मुक्कामाचा प्रवासी. त्याची सोय भक्तनिवासात होते. त्याच्यावर सुट्टीच्या घराचा हिशेब मांडू नये.

पाणी. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. त्यामुळे बोअरच्या भरवशावर घर बांधणे शहाणपणाचे नाही. छपराचा हिशेब करावा. छप्पर 100 चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस 750 मिलिमीटर धरला, तर 75,000 लिटर पाणी पडते. गळती-बाष्प वजा जाता 60,000 लिटर हाती येते. सहा माणसांच्या कुटुंबाला माणशी 100 प्रमाणे रोज 600 लिटर लागते. ऑक्टोबर ते फेब्रुवारीतले साधारण 44 शनिवार-रविवार धरले तर गरज 26,400 लिटरची. म्हणजे पाऊस निम्माच झाला तरी 30,000 लिटरची टाकी भरून हंगाम निभावतो. हेच घर एप्रिल-मेमध्ये रोज चालवायचे म्हटले, तर आणखी 36,600 लिटर लागतात, एकूण 63,000. पूर्ण 750 मिलिमीटर पाऊस झाला तरी तेवढे जमत नाही. उन्हाळ्यात घर बंद ठेवणे हा तोटा नसून ते टिकण्याची अट आहे. एका छपराखाली एकच कुटुंब, हीही त्याच गणिताची अट.

बांधणी. पाहुण्यांना माळवदाचे घर आवडते. जाड भिंतींमुळे आत गारवा राहतो. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात अशाच घरांनी माणसे गाडली. दगडमातीच्या भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांत गुंतलेले नव्हते, आणि डोक्यावर मातीचा जाड थर होता. हादऱ्याने भिंत उकलली, तशी माती खाली आली. 2002 च्या भूकंपसंहितेत हा भाग तिसऱ्या विभागात गेला. तेव्हा दगडाची भिंत जरूर ठेवावी, पण तिची रुंदी आरपार जोडणारे लांब दगड घालावेत. जोते, चौकटीच्या माथ्याची पातळी आणि छप्पर या तीन ठिकाणी काँक्रीटचे पट्टे फिरवावेत आणि छप्पर हलके ठेवावे. पत्रा घेतला तर पाणीही स्वच्छ उतरते. खाली लाकडी छत घातले की उष्णता अडते.

चालवण्याची बाजू सोपी नाही. स्कॉटलंडमधले कुटुंब भाड्याच्या घरात स्वतः रांधते. इकडच्या पाहुण्याला चुलीवरची भाकरी आयती हवी असते. म्हणजे खोलीभाड्याइतकीच मजुरी स्वयंपाकाची धरायला हवी, आणि ते काम घरच्या बायकांवर फुकट ढकलले, तर नफा कागदावरच दिसेल. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाने अशा केंद्रांना नोंदणीची वाट करून दिली आहे. त्या वाटेने जाणाऱ्याने खोल्या किती काढायच्या हे आधी ठरवू नये. टाकी किती दिवस पुरते ते मोजावे, खोल्यांचा आकडा त्यातूनच निघतो.